कुन्नूरच्या काचेतली धाकटी

कुन्नूरला जुन्या बंगल्यात खोली घ्यायची तर आधी भूत निवडावं लागतं. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, वरच्या मजल्यावर मेमसाहेब आहे, खाली शिकारीसाहेब. कुठली खोली देऊ?" मी विचारलं, गरम पाणी कुठे येतं? तो म्हणाला, गरम पाणी दोन्हीकडे सकाळी सहा ते आठ. मग मी मेमसाहेब घेतली. निदान बाईमाणूस.

हौसेने भुतांच्या गावाला जाणाऱ्यांतली मी नाही. महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसातली मुलं जातात आणि भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढून आणतात. मी गेले ती मावशीसाठी, आणि एका पितळी मुखवट्यासाठी. चार दिवसांचा प्रवास झाला. परत येऊन दीड महिना उलटला तरी तो माझ्या घशाखाली उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहून उतरेल अशी आशाही नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, कृष्णा. वय एकोणऐंशी. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलं आणि इथलंच झालं. आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे, आणि माझा पुणेरी नवरा श्रीकांत लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी त्यावर हसतो. मावशी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. सासरच्यांनी माघारी पाठवली. माहेरी सणासुदीला तिला मागच्या खोलीत बसवायचे. दोन वर्षांनी आजोबांच्या ओळखीने तिला कुन्नूरच्या एका साहेबी हॉटेलात काम मिळालं. तिथल्या लिनन रूमच्या, म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे यांच्या खोलीच्या, किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. त्या पुढे अठ्ठेचाळीस वर्षं तिथेच राहिल्या.

आजीकडे गौरींचे दोन पितळी मुखवटे होते. थोरली आणि धाकटी. दोघी एकाच कारागिराने ओतलेल्या. मावशी कुन्नूरला जाण्यापूर्वी आजीने थोरली माझ्या आईला दिली आणि धाकटी मावशीला. विधवेच्या हाती गौर कशी देता म्हणून घरात बरीच आदळआपट झाली, पण आजीने कुणाचं ऐकलं नाही. मावशीने धाकटीला ट्रंकेत घालून कुन्नूरला नेलं.

पाच वर्षांपूर्वी ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे बेंगळूरला, एचएसआर लेआउटला आली. एक डोळा झाला, दुसरा व्हायचा होता, तेवढ्यात हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकांनी जवळजवळ सगळी जुनी माणसं काढून टाकली. मावशीची ट्रंक तिथेच राहिली. तिने दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. मग ती आमच्याकडेच राहिली आणि आमच्या भाज्या निवडू लागली.

यंदा आषाढात एके दिवशी मेथीची जुडी पुढ्यात घेऊन ती म्हणाली, "पुट्टी, मला एकदा कुन्नूरला ने गं. धाकटी तिथंच राहिली. तिला आणली की तुझ्याकडची थोरली आणि ती, दोघींना एकदा जोडीनं बसवू. एकदाच. मग मी सुटले." पुट्टी म्हणजे पोरी. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

अडचण एवढीच होती की माझ्याकडे थोरली नव्हती. आई गेली त्या वर्षी मी ती चिकपेटेतल्या भांड्यांच्या दुकानात मोडीत दिली होती. एकटीच गौर बरी दिसत नाही, आणि पितळ घासायला वेळ कुणाला आहे, असं म्हणून चांदीचा मुलामा दिलेली नवी जोडी घेऊन आले. मावशी आमच्याकडे आल्यावर तिने पहिल्याच गौरींच्या वेळी विचारलं, थोरली कुठे? मी म्हटलं, माळ्यावर ट्रंकेत आहे, जपून ठेवलीय. तिला माळ्यावर चढता येत नाही हे मला माहीत होतं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. आषाढात तरी सांगायला हवं होतं. मी हिशेब केला तो असा: जाऊन येऊ, म्हातारीला डोंगर दाखवू, पाच वर्षांनी तो मुखवटा काही सापडायचा नाही, आणि प्रकरण आपोआप मिटेल. धाकटी सापडू नये अशी मनात इच्छा धरून मी गाडी काढली.

मद्दूर, गुंडलुपेट आणि एक नाका

म्हैसूरच्या नव्या रस्त्याने मद्दूरला वाऱ्यावर सोडलं आहे. वडा खायचा तर मुद्दाम खाली उतरून जुन्या रस्त्याला लागावं लागतं. मावशीने उतरायला लावलं. वडा कांद्याचा, कडक, हाताएवढा. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून पिशवीत टाकला. "मुरुगनला," म्हणाली. मुरुगन हा तिच्या हॉटेलातला माळी. तो तिथे आहे की नाही, जिवंत आहे की नाही, काही माहीत नव्हतं. पण वडा निघाला.

गुंडलुपेटच्या पुढे सूर्यफुलांची शेतं होती आणि शेतात माणसं नव्हती, फक्त फोटो काढणारे होते. बंडीपूरच्या जंगलात दोन हत्ती दिसले. मावशीने त्यांच्याकडे ओळखीच्या माणसांकडे बघावं तसं बघितलं आणि झोपून गेली.

निलगिरीत शिरायला हल्ली ई-पास लागतो, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, मला नव्हतं. नाक्यावर अडवलं. माझ्या फोनला रेंज नाही. मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न माझ्या नावाने. तेवढ्यात मावशी काच खाली करून त्या पोलिसाशी तमिळमध्ये बोलू लागली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरी ती अशी बोलते की पंखा चालू असेल तर ऐकू येत नाही. इथे ती खणखणीत बोलत होती, मध्येच एक बोट उगारून. पोलिसाने स्वतःच्या फोनवरून आमचा पास काढून दिला आणि वर तिला नमस्कार केला.

"काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगायचंय? कुठल्या गावचा विचारलं. त्याच्या गावच्या धोब्याकडे आमच्या चादरी जायच्या वीस वर्षं."

पाच वर्षं ही बाई माझ्या घरात होती आणि मला वाटत होतं, ती स्वभावानेच अबोल आहे.

मेमसाहेबांची खोली

मावशीच्या हॉटेलात पहिल्या दिवशी जागा नव्हती, म्हणून आम्ही ही मेमसाहेबांची खोली घेतली होती. चहाच्या मळ्याच्या वर, लाल कौलांचा बंगला. जिने कुरकुरतात, खिडक्या बसत नाहीत, न्हाणीघरातला आरसा अर्धा गेलेला. आपल्याकडे याला पडकं म्हणतात. तिकडे वारसा म्हणतात आणि भाडं वाढवतात.

चहाबरोबर वर्की आली. वर्की म्हणजे इकडची खुसखुशीत, पापुद्र्यांची बिस्किटं. चहा सुरेख होता, हे मान्य केलंच पाहिजे. वेटर मान तिरकी करून आवाज खाली आणत म्हणाला, "या खिडकीत ती रोज वाट बघते. साहेब लढाईवरून परतलाच नाही. तिने इथेच प्राण सोडले."

मावशी बिस्किट चहात बुडवता बुडवता म्हणाली, "अय्यो, कोण? ती कोपऱ्यावरच्या खोलीतली? ती संधिवातानं गेली. बेंगळूरला, लेकाकडे. तिच्या उशांना मी अभ्रे शिवून दिलेत." मग उठून तिने पलंगाची चादर उचकटली, कोपरे पाकिटासारखे दुमडले आणि चादर पुन्हा इतकी ताणून बसवली की वेटर बघत राहिला.

"मेमसाहेबांच्या खोलीत दिवे आपोआप जातात," तो तरीही म्हणाला.

"जातील नाहीतर काय. वायरिंग ओलं आहे. मालकाला सांग."

मी खूप हसले. त्या प्रवासात मी मोकळेपणाने हसले ती तेवढीच वेळ. सकाळी अप्पम खाताना ती म्हणाली, "बघ पुट्टी, माणूस साधं मेलेलं कुणाला चालत नाही." मला वाटलं, गंमत म्हणून बोलतेय.

मावशीचा बंगला

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या हॉटेलात पोचलो. मावशी त्याला नुसतं 'बंगला' म्हणायची. फाटकाशी धुकं होतं आणि हायड्रेंजियाची निळी झुडपं. एका झुडपामागे एक म्हातारा माणूस खुरपं घेऊन बसला होता. त्याने मावशीला पाहिलं आणि तो उठला नाही, उलट आणखी खाली वाकला.

"मुरुगा," मावशीने हाक मारली. "लपतोस काय? बाहेर ये."

तो बाहेर आला. दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. आणि चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा. त्यांचं बोलणं तमिळमध्ये चाललं होतं, मावशीने मला नंतर सांगितलं ते असं.

"अक्का, मला माफ करा. मी काय करू? नव्या हॉटेलवाल्यांनीच सांगायला लावलं."

"काय सांगायला लावलं?"

"की मी तुम्हाला बघितलंय. मेल्यानंतर."

मावशीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं. कशी मेले मी?"

त्याने खाली मान घातली. तिने पिशवीतून तो अर्धा वडा काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला.

मॅनेजर शीबा नावाची पस्तिशीची केरळी बाई होती. हसतमुख, कामाला वाघ. तिला सांगावं तर आधी सांगायचं काय, या विचारात मी होते. तेवढ्यात ती म्हणाली, "संध्याकाळी सहाला हेरिटेज वॉक आहे, नक्की या. आजींना खुर्ची ठेवते." वॉकला आणखी वीसेक जण होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याशा कंपनीची टोळी, एकसारख्या टी-शर्टात.

शीबा हातात कंदील घेऊन सांगू लागली. या बंगल्यात एक अक्का होती. लिनन रूमची राखणदार. दूर उत्तरेकडून कुठूनतरी आलेली, नवरा मेलेला, डोक्यावर परिणाम झालेली. वर्षातून एकदा, पावसाळा संपता संपता, दिवेलागणीला ती बाहेर पडायची. हातात ताट, ताटात एका बाईचं कापलेलं मुंडकं. मुंडक्याला कुंकू लावलेलं, नाकात नथ. ते घेऊन ती बंगल्याच्या एकूण एक खोलीत जायची आणि प्रत्येक खोलीत अनोळखी भाषेत तोच एक प्रश्न विचारायची. तिच्या मागे रक्ताची पावलं उमटायची. एका पाहुण्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी हॉटेल सोडलं. शेवटी अक्काने याच लिनन रूममध्ये चादरीने गळफास घेतला.

तिने कंदील खाली धरला. लिनन रूमच्या उंबऱ्याशी लाकडी फरशीवर पुसट तांबडी, लहान लहान पावलं होती. वरून व्हार्निश मारून ती टिकवली होती.

ही कथा मराठी घरात वाढलेल्या कुणालाही पहिल्या वाक्याला कळली असती. भाद्रपदात गौर घरात आणताना दारापासून कुंकवाची पावलं काढतात. मुखवटा ताटात घेऊन बाई उंबऱ्यात उभी राहते. आतून कुणीतरी विचारतं, कोण आलं? ती म्हणते, गौर आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्यारुप्याच्या पावलांनी. मग गौरीला घरातली एकूण एक खोली दाखवायची असते. प्रत्येक खोलीत विचारायचं, इथे काय आहे? आणि म्हणायचं, उदंड आहे.

मावशीने अठ्ठेचाळीस वर्षं एकटीने गौर आणली होती. विचारणारीही तीच, उत्तर देणारीही तीच. बंगल्यात खोल्या बत्तीस होत्या, म्हणून बत्तीसही दाखवल्या. परक्यांच्या, रिकाम्या, पाहुण्यांनी कपडे टाकून ठेवलेल्या. माझ्या डोळ्यांपुढे ते आलं.

शीबाने शेवटी कोपऱ्यातल्या कपाटावर कंदील धरला. काचेमागे धाकटी होती. घासलेली, खाली मखमल, वरून तांबडा दिवा. एक मुलगी किंचाळली, बाकीचे हसले.

मावशी वेताच्या खुर्चीतून उठली. हात वर केला आणि इंग्रजीत, आपल्या त्या चादरी मोजणाऱ्या इंग्रजीत, म्हणाली, "ती अक्का मी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. एका मुलाने तिच्या खांद्याला खांदा लावून सेल्फी घेतली आणि 'सुपर अज्जी' म्हणाला. मी त्याला काही बोलणार होते, पण मावशी त्याच्या फोनकडे बघून हसत होती. मग ती काचेतल्या धाकटीकडे वळली. "चांगली घासलीय गं," ती मला म्हणाली. "चिंचेनंच घासलेली दिसते."

त्या संध्याकाळी जेवणात सूप आणि कॅरॅमल कस्टर्ड होतं. तिने आमच्या खोलीच्या चादरी स्वतः घातल्या. उशी थोपटता थोपटता बोलत होती. इथे तिला कधी कुणी विचारलं नाही, तू सवाष्ण की विधवा. इथे कुणाला गौरच माहीत नव्हती, मग विधवेने आणू नये हे कुठून माहीत असणार. पहिल्या वर्षी फिक्या साडीतच आणली. तिसऱ्या वर्षी तिने हिरवी साडी नेसली. "आता उद्या घेऊ धाकटीला," म्हणाली, "आणि थोरलीला माळ्यावरून काढ. चिंच भिजत घाल."

मला सांगायला अख्खी संध्याकाळ होती. मी कस्टर्ड खाल्लं.

सकाळ, ऑफिसची खोली

सकाळी आम्ही शीबाच्या टेबलासमोर बसलो. मी सगळं सांगितलं. गौर, पावलं, मुखवटा, ट्रंक. शीबाचा चेहरा उतरला. तिने उठून मावशीचे दोन्ही हात धरले, माफी मागितली. खोटी बाई नव्हती ती. मला ती खोटी असती तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "आजी, मी तुम्हाला एक विचारू? तुम्ही दरवर्षी इथे या. राहणं-जेवण आमच्याकडे. संध्याकाळी फक्त लिनन रूममध्ये बसायचं."

"कोण म्हणून बसू?" मावशीने विचारलं. "बाई म्हणून की भूत म्हणून?"

शीबा खरं बोलली. "लोक भुतासाठी येतात."

"मग नको. मला माझी धाकटी द्या."

शीबाने एक वही काढली. मुखवटा बंगल्याच्या वस्तूंमध्ये नोंदलेला होता. ती नोकर माणूस, तिला तो परस्पर देता येईना. पण मालक समजूतदार आहे, म्हणाली. "कुणीही येऊन माझं आहे म्हणेल, तो मला हेच विचारणार. तुम्ही म्हणता याची जोडी आहे, एकाच हातची. ती जोडी दुसऱ्या कुणाकडे असणारच नाही. मला तिचा नुसता फोटो दाखवा. मी आत्ता मालकांना पाठवते आणि कपाट उघडते."

मावशीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. ती माझ्याकडे वळली. "आहे की जोडी! घरात आहे. पुट्टी, श्रीकांतला फोन लाव. म्हणावं स्टूल घे, माळ्यावर चढ, हिरव्या ट्रंकेत बघ. स्वल्प धूळ असेल, पुसून फोटो काढ म्हणावं."

मी म्हटलं, "रेंज नाहीये मावशी."

शीबा म्हणाली, "वायफाय आहे मॅडम." आणि एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून माझ्यापुढे सरकवला.

मी ती चिठ्ठी बघत राहिले. बाहेर मुरुगन पानं झाडत होता. मावशी चष्मा पुसत होती, फोटो नीट दिसावा म्हणून.

"मावशी," मी म्हटलं, "थोरली नाहीये."

"नाहीये म्हणजे? सापडत नाही?"

"मी मोडीत दिली. आई गेली त्या वर्षी. माळ्यावर काही नाही. मी खोटं सांगितलं होतं."

शीबाला मराठी येत नव्हतं, पण ती उठून खिडकीशी गेली. मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. ती ओरडली नाही. मला वाटतं, ती मला पहिल्यांदाच नीट बघत होती. पाच वर्षांत एक डोळा करून झाला होता आणि दुसऱ्याचं आम्ही राहू दिलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. ह्या लोकांनी तिची धाकटी काचेत घालून, दिवा लावून, घासून ठेवली होती. भूत म्हणून का होईना, ठेवली होती. थोरली मात्र आपल्या माणसांच्या घरात होती, म्हणून वितळली.

मावशी शीबाला म्हणाली, "ते कपाट दोन मिनिटं उघडता का? नेणार नाही."

शीबाने आम्हाला लिनन रूममध्ये नेलं आणि कपाट उघडलं. मावशीने पदराने मुखवटा पुसला. मुरुगनकडून कागदातलं कुंकू मागून घेतलं, धाकटीच्या कपाळाला लावलं. चहाच्या ट्रेमधली चिमूटभर साखर तिच्या ओठांशी ठेवली. मग दोन बोटांनी मुखवटा जागेवरून किंचित हलवला. गौर उठवताना असंच हलवतात. आपण त्या वेळी 'पुढच्या वर्षी लवकर ये' म्हणतो. मावशीने ते म्हटलं नाही.

"झालं," ती शीबाला म्हणाली. "आता हे नुसतं पितळ आहे. ठेवा तुम्ही."

परत

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. मुरुगनने निळ्या फुलांची जुडी दिली होती, ती गुडलूरपर्यंत सुकली. मावशी खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा माफी मागितली, तिने दोन्ही वेळा "सरी, सरी" म्हटलं. म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. मद्दूरला मी न सांगता जुन्या रस्त्याला उतरले, वडा घेतला. तिने खाल्ला नाही. पिशवीतही टाकला नाही.

म्हैसूर मागे पडून बराच वेळ झाला होता. रामनगरच्या खडकांशी तिने तोंड उघडलं. "वजन किती भरलं गं थोरलीचं?"

मला वाटलं होतं मी विसरले असेन. "साडेसहाशे ग्रॅम," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "आई म्हणायची, दोघी सारख्याच भरतात."

मग भाद्रपद आला. मी त्या दिवशी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली. नवी जोडी ताटात ठेवली आणि मावशीला म्हटलं, "यंदा तू आण गौर आत. तूच." हे म्हणायला मला पाच वर्षं लागली होती. पाच वर्षं तिला मी आतून फक्त प्रश्न विचारायचं काम दिलं होतं, आणि ते सुद्धा स्वयंपाकघरातून.

"नको गं," ती सोळा भाज्या पुढ्यात घेऊन म्हणाली. "तुझ्या आहेत त्या. तूच आण."

मी ताट घेऊन बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. मग दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. आतून प्रश्न आल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. मी थांबले. लिफ्टमधून शेजारचे उतरले, माझ्याकडे आणि ताटातल्या चेहऱ्यांकडे बघून घाईघाईने आपल्या दाराचं कुलूप उघडू लागले. "मावशी," मी हलकेच हाक मारली. स्वयंपाकघरात विळीचा आवाज चालू होता.

शेवटी सोफ्यावरून श्रीकांतने, फोनमधून मान वर न करता, विचारलं, "कोण आलं?"

"गौर आली," मी म्हटलं. विळीचा आवाज थांबला नाही.